दोनशे सत्तावन्न मिलिग्रॅम: रसायनांच्या जागतिक वर्गीकरणाविषयी

एका आकड्यापासून सुरुवात करू. समजा, एखादी पावडर उंदरांना तोंडावाटे देऊन तपासली आणि तिचा एलडी ५० आला २५७ मिलिग्रॅम प्रति किलो. चाचणीतले निम्मे प्राणी ज्या मात्रेला मरतात ती ही मात्रा, दर किलो वजनामागे मोजलेली. आकडा जितका लहान, तितका पदार्थ जहाल. आता हीच पावडर २००० सालच्या आसपास जगभर पाठवायची होती असं धरा. अमेरिका, कॅनडा, जपान आणि कोरियात ती ‘विषारी’ ठरली असती. युरोप, ऑस्ट्रेलिया आणि मलेशियात ‘अपायकारक’. न्यूझीलंडमध्ये ‘धोकादायक’. चीनमध्ये ‘धोकादायक नाही’. आणि भारतात ‘विषारी नाही’. वाहतुकीच्या नियमांत तर आणखी गंमत होती. याच विषारीपणाचा पदार्थ द्रव असेल तर सौम्य विषारी, घन असेल तर कुठल्याच वर्गात नाही.

यात कुणाची प्रयोगशाळा चुकलेली नव्हती. प्रत्येकाने रेघ वेगळ्या जागी मारली होती, एवढंच. भारताची रेघ १९८९ च्या नियमांत आहे. भोपाळनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्याखाली धोकादायक रसायनांचं उत्पादन, साठवण आणि आयात यांचे हे नियम. त्यांच्या पहिल्या परिशिष्टात तोंडावाटे विषारीपणाच्या तीन पायऱ्या आहेत: ५ पर्यंत अत्यंत विषारी, ५ ते ५० अतिविषारी, ५० ते २०० विषारी. २०० च्या पुढे काही नाही. म्हणून २५७ वाली पावडर आपल्याकडे या निकषातून सुटते. युरोपची ‘विषारी’ची हद्दही २०० च होती, पण पुढे २००० पर्यंत ‘अपायकारक’ अशी एक पायरी होती. अमेरिकेची ‘विषारी’ची हद्द ५०० पर्यंत.

आज आपण ज्याला जीएचएस (ग्लोबली हार्मोनाइज्ड सिस्टिम, म्हणजे रसायनांच्या वर्गीकरणाची आणि लेबलांची जागतिक व्यवस्था) म्हणतो, ती या रेघा एका जागी आणण्यासाठी निर्माण झाली. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेत यासाठी ठराव झाला, १९९० मध्ये रसायनांविषयीचा १७० क्रमांकाचा करार आला, आणि १९९२ च्या रिओ परिषदेत ‘अजेंडा २१’च्या एकोणिसाव्या प्रकरणात लिहिलं गेलं की शक्य झाल्यास २००० सालापर्यंत जागतिक वर्गीकरण आणि त्याला जुळणारी लेबलं तयार असावीत. पायाला चार जुन्या व्यवस्था घेतल्या: अमेरिकेची, कॅनडाची, युरोपची आणि संयुक्त राष्ट्रांच्या वाहतूक नियमांची. काम तिघांत वाटलं. आग-स्फोटासारखे भौतिक धोके वाहतुकीच्या तज्ज्ञ समितीकडे, आरोग्य आणि पर्यावरण ओईसीडी या आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेकडे, लेबल आणि सेफ्टी डेटा शीट, म्हणजे रसायनाबरोबर येणारं सुरक्षेचं माहितीपत्रक, श्रम संघटनेकडे. डिसेंबर २००२ मध्ये तज्ज्ञ समितीने मसुदा स्वीकारला, २००३ मध्ये पहिली आवृत्ती छापली गेली. मुखपृष्ठाच्या रंगामुळे तिला ‘जांभळं पुस्तक’ म्हणतात. दर दोन वर्षांनी सुधारित आवृत्ती निघते. दहावी २०२३ मध्ये निघाली.

तोंडावाटे विषारीपणाच्या नव्या रेघा ठरल्या ५, ५०, ३०० आणि २०००. या श्रेणी १ ते ४. त्यापुढे ५००० पर्यंत पाचवी, ती ऐच्छिक. ३०० हा आकडा युरोपच्या २०० आणि अमेरिकेच्या ५०० यांच्यामधला आहे, आणि तो फक्त तडजोडीचा नाही. ओईसीडीच्या नव्या चाचणी पद्धतींत प्राण्यांना ज्या ठरावीक मात्रा द्यायच्या त्याही ५, ५०, ३०० आणि २००० याच आहेत. पूर्वीच्या पद्धतीत नेमका एलडी ५० काढण्यासाठी बरेच प्राणी लागत. ती पद्धत ओईसीडीने २००२ च्या अखेरीस रद्द केली. नव्या पद्धतीत नेमका आकडा मिळत नाही, मिळते ती श्रेणी. वर्गीकरणाला तेवढं पुरतं. वाहतूक नियमांनीही मग घन आणि द्रव हा भेद सोडून ३०० ची रेघ घेतली. आपली २५७ वाली पावडर आता श्रेणी ३ मध्ये बसते: कवटी आणि हाडं, खाली ‘डेंजर’, आणि वाक्य एच ३०१, म्हणजे ‘गिळल्यास विषारी’.

व्यवस्थेची रचना थोडक्यात सांगतो, कारण ती तुम्हाला कुठल्याही पोस्टरवर मिळेल. भौतिक धोक्यांचे १७ वर्ग, आरोग्याचे १०, पर्यावरणाचे २. चिन्हं नऊ: पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळं चित्र, भोवती लाल चौकट, टोकावर उभी. संकेतशब्द दोनच, ‘डेंजर’ आणि ‘वॉर्निंग’. धोक्याची वाक्यं एच २०० पासून भौतिक, ३०० पासून आरोग्याची, ४०० पासून पर्यावरणाची. काळजीची वाक्यं पी क्रमांकांची. आणि सोळा विभागांची सेफ्टी डेटा शीट. एक गोष्ट मात्र पोस्टरवर नसते: हे वर्गीकरण पदार्थाच्या अंगच्या धोक्याचं आहे, जोखमीचं नाही. बंद रिॲक्टरमधलं मिथेनॉल आणि उघड्या बादलीतलं मिथेनॉल यांचं वर्गीकरण एकच. संपर्क किती, मात्रा किती, हे गणित नंतरचं आणि ते कारखान्याचं.

मिथेनॉलचं नाव घेतलंच आहे, तर त्यावर थांबू. वर्गीकरण म्हणजे तक्त्यातून आकडा उचलणं नव्हे, हे त्यातून नीट कळतं. उंदरांमधला मिथेनॉलचा तोंडावाटे एलडी ५० आहे ५६२८. नुसता हा आकडा धरला तर मिथेनॉल पाचव्या श्रेणीच्याही बाहेर जातं. पण माणसात उपचाराविना ०.३ ते १ ग्रॅम प्रति किलो एवढी मात्रा जीव घेऊ शकते. फरकाचं कारण चयापचयात आहे. शरीरात मिथेनॉलचं आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होतं. उंदीर ते आम्ल झपाट्याने मोडून टाकतो. माणसाच्या शरीरात ते साठतं, रक्त आम्लधर्मी होतं आणि दृष्टीची नस जळते. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभरहून अधिक माणसं गेली, त्यामागे हीच रसायनक्रिया होती.

जीएचएसचा नियम असा की माणसांविषयीचा विश्वासार्ह पुरावा असेल तर तो प्राण्यांच्या आकड्यावर मात करतो. म्हणून युरोपच्या अधिकृत यादीत मिथेनॉल तिन्ही मार्गांनी, गिळून, त्वचेतून आणि श्वासातून, विषारी श्रेणी ३ मध्ये आहे. शिवाय एकदाच्या संपर्काने अवयवाला इजा करणारं म्हणून सर्वांत वरच्या श्रेणीत, एच ३७०. आणि फ्लॅश पॉइंट, म्हणजे द्रवाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते सर्वांत कमी तापमान, सुमारे ११ अंश, उत्कलनबिंदू ६४.७, म्हणून ज्वलनशील द्रव श्रेणी २. बाजारात अजूनही अशा डेटा शीट फिरतात ज्यांच्या अकराव्या, विषारीपणाच्या विभागात ५६२८ छापलेलं असतं आणि दुसऱ्या, धोक्यांच्या विभागातून कवटी गायब असते. छापलेला आकडा खरा असतो, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा असतो.

आता मिश्रण. कारखान्यातून जे बाहेर पडतं त्यातलं बहुतेक मिश्रणच असतं, आणि घोटाळेही तिथेच होतात. उदाहरणाला एक थिनर घेऊ: वजनाने टोल्युईन ६० टक्के, ॲसिटोन २० टक्के, मिथेनॉल २० टक्के. पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी पाहायचं, पूर्ण मिश्रणावरच चाचणी झाली आहे का. नसेल तर मिळत्याजुळत्या, चाचणी झालेल्या मिश्रणावरून अनुमान काढता येतं का. तेही नसेल तरच घटकांवरून हिशेब.

फ्लॅश पॉइंट मात्र हिशेबाने काढत बसू नका, मोजा. चाचणी स्वस्त आहे. फक्त क्लोज्ड कपने, म्हणजे झाकलेल्या भांड्यात मोजा. ओपन कपमध्ये वाफ निसटते आणि आकडा काही अंशांनी वर येतो. २१ चा २७ झाला तर द्रव श्रेणी २ मधून ३ मध्ये घसरतो, आणि गोदामाची मांडणीही बदलते. आपल्या थिनरमध्ये तिन्ही घटकांचे फ्लॅश पॉइंट २३ अंशांच्या पुष्कळ खाली आहेत आणि मिश्रण ३५ अंशांच्या वर उकळायला लागतं. ज्वलनशील श्रेणी २, एच २२५. इथे वाद नाही.

विषारीपणाचं सूत्र असं: १०० भागिले मिश्रणाचा अंदाजी आकडा (एलडी ५० सारखाच वाचायचा) बरोबर प्रत्येक घटकाची टक्केवारी भागिले त्या घटकाचा अंदाजी आकडा, या सगळ्यांची बेरीज. टोल्युईन आणि ॲसिटोन दोन्हींचे तोंडावाटे आकडे ५००० च्या पुढे, म्हणून ते बेरजेत येत नाहीत. मिथेनॉलचा वापरण्याजोगा एलडी ५० आपल्याकडे नाही, फक्त श्रेणी आहे. अशा वेळी पुस्तकात प्रत्येक श्रेणीसाठी एक रूपांतराचा आकडा दिलेला असतो. श्रेणी ३ साठी गिळण्याचा १००, त्वचेचा ३००, वाफेचा ३ मिलिग्रॅम प्रति लिटर.

गिळण्याचा हिशेब: २० भागिले १०० म्हणजे ०.२, १०० भागिले ०.२ म्हणजे ५००. हे ३०० आणि २००० च्या मध्ये आहे, म्हणून श्रेणी ४, एच ३०२. त्वचेचा आकडा येतो १५००. श्रेणी ४ तिथे १००० ते २०००. वाफेचा येतो १५. श्रेणी ४ तिथे १० ते २०. म्हणजे तिन्ही मार्गांनी ‘अपायकारक’, चिन्ह उद्गारचिन्हाचं. कवटी नाही.

आता मिथेनॉल वाढवत जा. टोल्युईन महाग झालं की मिथेनॉल वाढवायचा मोह होतोच. फक्त गिळण्याचं गणित पाहणारा म्हणेल, कवटी ३३.३ टक्क्यांना येते, कारण तिथे आकडा ३०० होतो. पण त्वचेचं गणित ३० टक्क्यांनाच १००० वर येऊन टेकतं, आणि वाफेचं ३० टक्क्यांनाच १० वर. बरोबर रेघेवरचा आकडा वरच्या, म्हणजे जास्त धोक्याच्या श्रेणीत मोडतो. म्हणून कवटी ३० टक्क्यांना येते. बॅचमध्ये मिथेनॉल २८ ते ३१ टक्क्यांमध्ये हलत असेल तर काही ड्रमांवर चुकीचं लेबल लागेल. वर्गीकरण स्पेसिफिकेशनच्या सर्वांत वाईट टोकाला करायचं, सरासरीवर नाही. आणि त्याच ३० टक्क्यांना वाहतुकीचाही नंबर बदलतो. फक्त ज्वलनशील द्रवाचा यूएन नंबर जाऊन ज्वलनशील आणि विषारी असा यूएन १९९२ लागू होतो, दुय्यम धोका ६.१ सकट. टँकरच्या मागची पाटी आणि ड्रायव्हरकडचं ट्रेम कार्ड (अपघातात काय करायचं ते सांगणारं) दोन्ही बदलावी लागतात.

थिनरचे बाकीचे धोके बेरजेने नाही, उंबरठ्याने ठरतात. मिथेनॉल १० टक्क्यांहून जास्त, म्हणून एच ३७०. टोल्युईन गर्भाला अपायाचा संशय असलेलं, ३ टक्क्यांच्या कितीतरी वर, म्हणून एच ३६१. वारंवार संपर्काने अवयवाला इजा, एच ३७३. त्वचेला दाह, एच ३१५. ॲसिटोनमुळे डोळ्यांना दाह, एच ३१९. दोघांमुळे गुंगी, एच ३३६. आणि एक असं, जे हमखास विसरलं जातं: टोल्युईनसारखा पातळ हायड्रोकार्बन गिळल्यावर फुप्फुसात शिरला तर जीवघेणा न्यूमोनिया होतो. असे घटक १० टक्के किंवा जास्त असतील आणि ४० अंशांना मिश्रणाची कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी, म्हणजे वाहण्यातला दाटपणा, सेकंदाला २०.५ चौरस मिलिमीटर किंवा कमी असेल तर एच ३०४. थिनर पाण्याहून पातळ असतो, त्यामुळे तो यात येतोच.

एका साध्या थिनरवर अकरा वाक्यं झाली. सगळी छापली तर कुणी वाचत नाही, म्हणून चिन्हांच्या आणि शब्दांच्या प्राधान्याचे नियम आहेत. ‘डेंजर’ असेल तर ‘वॉर्निंग’ छापायचं नाही. कवटी असेल तर उद्गारचिन्ह नाही. कॉरोझिव्ह, म्हणजे त्वचा किंवा धातू खाणाऱ्या पदार्थाचं चिन्ह असेल तर त्वचेच्या किंवा डोळ्यांच्या दाहासाठी उद्गारचिन्ह नाही. मात्र चिन्ह गळलं तरी वाक्य गळत नाही. एच ३१५ मजकुरात राहतंच. हा फरक लेबल डिझाइन करणाऱ्याला माहीत नसतो आणि तो चिन्हाबरोबर ओळही काढून टाकतो. काळजीची वाक्यं युरोपात साधारणपणे सहापेक्षा जास्त ठेवू नयेत असा नियम आहे. मग कुठली ठेवायची? थिनरसाठी ठिणगी-आगीपासून दूर ठेवण्याचं आणि गिळल्यास उलटी करवू नये हे, अशी दोन मी कधीच सोडणार नाही. दुसरं तर नक्कीच नाही, कारण आपल्याकडे मीठ-पाणी पाजून उलटी काढण्याचा उपाय घरोघरी ठाऊक असतो आणि इथे तोच जीव घेईल.

या बेरजेच्या पद्धतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. आम्लं, अल्कली, अल्डिहाइड, फिनॉल, सर्फॅक्टंट यांच्या बाबतीत त्वचेच्या दाहाची नेहमीची टक्केवारी लागू पडत नाही. यातले कित्येक पदार्थ १ टक्क्यालाही चावतात. कॉस्टिक सोड्याला युरोपच्या यादीत स्वतःच्या हद्दी दिल्या आहेत: ५ टक्के आणि वर तीव्र दाहक, २ ते ५ टक्के दाहक पण खालच्या उपश्रेणीत, ०.५ ते २ टक्के त्रासदायक. शिवाय मिश्रणाचा पीएच २ किंवा कमी, अथवा ११.५ किंवा जास्त असेल तर टक्केवारी बाजूला ठेवून ते कॉरोझिव्ह धरायचं, उलट पुरावा नसेल तर. पाण्यातल्या जिवांसाठी आणखी एक गुणक आहे. एखाद्या सिंथेटिक पायरेथ्रॉइड कीटकनाशकाचा माशांवरचा एलसी ५० (निम्मे मासे मारणारं पाण्यातलं प्रमाण) लिटरला ०.०००३ मिलिग्रॅम असेल तर त्याचा गुणक होतो १०००. एरवी २५ टक्के असल्यावर मिश्रण पाण्याला अतिविषारी ठरतं, इथे ०.०२५ टक्के पुरे. घरगुती कीटकनाशकाच्या बाटलीवर मेलेला मासा आणि वाळलेलं झाड दिसतं, ते बहुधा या गुणकामुळे.

आणि ज्याच्याविषयी माहितीच नाही, तो घटक? तो १ टक्का किंवा जास्त असेल तर लेबलवर लिहावं लागतं की मिश्रणाच्या इतक्या टक्के भागाचा विषारीपणा अज्ञात आहे. असे घटक मिळून १० टक्क्यांहून जास्त असतील तर सूत्रात १०० च्या जागी १०० वजा अज्ञात टक्के घ्यायचे. म्हणजे अज्ञात भाग ज्ञात भागाइतकाच विषारी धरला जातो. सप्लायरने ‘प्रोप्रायटरी ॲडिटिव्ह’ एवढंच लिहून पाठवलं की हा नियम आठवा.

इथवर ऐकून वाटेल की मोजपट्टी एक झाली म्हणजे काम झालं. मोजपट्टी एक झाली हे खरं, पण तिच्यावरच्या कुठल्या खुणा वापरायच्या हे प्रत्येक देश स्वतः ठरवतो. जीएचएस हा कायदा नाही, शिफारस आहे. देशाने हवे ते वर्ग आणि श्रेणी घ्याव्यात, घेतलेल्यांचे निकष मात्र बदलू नयेत, अशी मुभा मुद्दाम ठेवलेली आहे. युरोपने विषारीपणाची पाचवी श्रेणी आणि ज्वलनशील द्रवांची ६० ते ९३ अंशांची चौथी श्रेणी घेतली नाही. अमेरिकेने कामगारांच्या नियमांत चौथी घेतली. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याला पर्यावरणावर अधिकार नाही, म्हणून तिथे मासा आणि झाड सक्तीचं नाही. त्यामुळे अमेरिकी लेबल जसंच्या तसं हँबुर्गला पाठवलं की अडतं.

उंबरठेही वेगळे. कर्करोगाचा संशय असलेला, म्हणजे श्रेणी २ चा, घटक ०.५ टक्का आहे असं धरा. युरोपात उंबरठा १ टक्का, म्हणून मिश्रण वर्गीकृत नाही. अमेरिकेत तो ०.१ टक्का, म्हणून मिश्रण वर्गीकृत. डेटा शीटवर माहिती हवीच, मात्र १ टक्क्याखाली लेबलवरचा इशारा ऐच्छिक. प्रजननाला अपायकारक श्रेणी २ साठी युरोपात ३ टक्के, अमेरिकेत ०.१. जांभळ्या पुस्तकातच दोन्ही पर्याय दिलेले आहेत, कारण तिथे एकमत झालं नाही. दोघेही म्हणतात आम्ही जीएचएस पाळतो, आणि दोघेही खरं बोलतात.

आवृत्त्याही वेगवेगळ्या. अमेरिकेने २०१२ मध्ये तिसरी आवृत्ती घेतली आणि मे २०२४ मध्ये मुख्यतः सातवीकडे सरकली. ऑस्ट्रेलिया २०२३ पासून सातवीवर. युरोपचा नियम २००८ चा, क्रमांक १२७२. तो स्वतःच्या दुरुस्त्यांनी पुढे जातो. २०२३ मध्ये युरोपने पुस्तकात नसलेले वर्गच जोडले: हार्मोनमध्ये ढवळाढवळ करणारी रसायनं, आणि पर्यावरणात टिकून राहणारी, साठणारी किंवा पाण्यातून पसरणारी रसायनं. विज्ञान म्हणून मला ते पटतं. पण ज्या युरोपने एक मोजपट्टी मागितली त्यानेच एकट्याने नव्या खुणा कोरल्या, हे सुसूत्रीकरणाला धार्जिणं नाही. नवे पदार्थ बाजारात आणताना १ मे २०२५ पासून हे वर्ग तपासावे लागतात.

निकष तंतोतंत सारखे असले तरी तज्ज्ञांचा निवाडा वेगळा पडू शकतो. टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगातली भुकटी. श्वासातून जाणाऱ्या तिच्या पावडरीला युरोपने कर्करोगाचा संशय असलेला पदार्थ ठरवलं, आणि युरोपीय संघाच्या जनरल कोर्टाने २०२२ मध्ये ते वर्गीकरण रद्द केलं. पुरावा तोच, फुप्फुसात साठणाऱ्या कणांचं मूल्यमापन नीट झालं का, यावर मतभेद.

आता आपल्या घरचं. १९८९ च्या नियमांची मी सुरुवातीला सांगितलेली परिशिष्टं अजून चालू आहेत. जीएचएसकडे नेणाऱ्या नव्या रसायन नियमांचा मसुदा २०२० पासून चर्चेत आहे. दरम्यान एकाच आवारात तीन-चार भाषा नांदतात. पेट्रोलियम कायद्याचे वर्ग अ, ब, क: २३ अंशांखाली अ, २३ ते ६५ ब, ६५ ते ९३ क. जीएचएसची रेघ ६० ला. म्हणजे फ्लॅश पॉइंट ६२ असलेला द्रव पेट्रोलियम कायद्यात ब, आणि जीएचएसमध्ये केरोसीनच्या श्रेणीतून बाहेर, चौथ्या श्रेणीत.

कीटकनाशकांचं तर वेगळंच जग आहे. १९७१ च्या नियमांत रंगीत त्रिकोण आहेत: तोंडावाटे ५० पर्यंत लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा, त्यापुढे हिरवा. लालवर कवटी आणि ‘पॉयझन’, पिवळ्यावर नुसतं ‘पॉयझन’, निळ्यावर ‘डेंजर’, हिरव्यावर ‘कॉशन’. नीट पाहा: आपल्या डब्यावर ‘डेंजर’ हा तिसऱ्या पायरीचा शब्द आहे, जीएचएसमध्ये तोच सर्वांत वरचा. २५७ चा पदार्थ इथे पिवळा, म्हणजे कवटीविना, जीएचएसमध्ये कवटीसकट. २०१७ मध्ये यवतमाळला फवारणी करणाऱ्यांना विषबाधा होऊन माणसं दगावली, तेव्हा लेबल वाचता न येण्याचा मुद्दा पुढे आला. पण लेबल वाचता आलं असतं तरी ते एका भाषेत बोलत नव्हतं, हा मुद्दा मागेच राहिला.

आणखी एक सापळा साठवणटाक्यांवर असतो. आपल्या एमआयडीसींमध्ये टाक्यांवर निळा-लाल-पिवळा-पांढरा असा चौकोन रंगवलेला दिसतो. तो अमेरिकेच्या अग्निसंरक्षण संघटनेचा, अग्निशमन दलासाठी बनवलेला. त्यात ४ म्हणजे सर्वांत धोकादायक, ० म्हणजे निरुपद्रवी. जीएचएसमध्ये १ सर्वांत धोकादायक. डेटा शीटच्या दुसऱ्या विभागातला ‘श्रेणी १’ उचलून टाकीवरच्या चौकोनात १ रंगवला की अत्यंत जहाल पदार्थ जवळजवळ निरुपद्रवी दिसू लागतो. जीएचएसचे श्रेणीक्रमांक लेबलवर छापायचे नसतात, ते डेटा शीटपुरतेच, याचं एक कारण हा गोंधळ टाळणं हेही आहे.

शेवटी व्यवहाराचं. सप्लायरची डेटा शीट हातात आली की पहिल्या पानावरच्या चिन्हांकडे पाहून फाइलला लावू नका. दुसरा विभाग (धोके) आणि चौदावा (वाहतूक) शेजारी ठेवा. ज्वलनशील श्रेणी १, २, ३ ला पॅकिंग ग्रुप, म्हणजे वाहतुकीतली धोक्याची पायरी, अनुक्रमे एक, दोन, तीन. दुसऱ्यात एच २२५ आणि चौदाव्यात पॅकिंग ग्रुप तीन असेल तर दोनपैकी एक विभाग दुसऱ्या कुठल्यातरी शीटमधून चिकटवलेला असू शकतो. मग नववा (भौतिक गुणधर्म) पाहा: एच २२५ लिहूनही फ्लॅश पॉइंटपुढे ‘उपलब्ध नाही’ असेल तर वर्गीकरण कशावरून केलं हे विचारा, आणि आकडा असेल तर क्लोज्ड कप की ओपन कप हेही. तिसऱ्या विभागातल्या टक्केवारीच्या पट्ट्यांची वरची टोकं घेऊन वरचा हिशेब स्वतः करा. पंधरा मिनिटांचं काम आहे. जुन्या शीटमध्ये घटक दुसऱ्या विभागात आणि धोके तिसऱ्यात असत, आता उलट आहे. क्रम जुना दिसला तर शीटही जुनी असण्याची शक्यता मोठी. युरोपला जाणारा माल असेल तर त्या देशाची भाषा, आणि बाटलीवर किंवा ड्रमवर सोळा अक्षर-अंकांचा मिश्रण ओळख क्रमांक लागतो का ते आयातदाराला विचारा, कारण तो क्रमांक विषबाधा केंद्राकडे त्यालाच नोंदवायचा असतो. ५० ते ५०० लिटरच्या ड्रमवर युरोपचं लेबल किमान १०५ बाय १४८ मिलिमीटर आणि प्रत्येक चिन्ह किमान ३२ बाय ३२. ड्रमवर वाहतुकीचं ज्वालेचं चिन्ह असेल तर जीएचएसची ज्वाला पुन्हा नको. छातीवर तारा असलेलं आरोग्याचं चिन्ह मात्र हवंच, कारण दीर्घकालीन धोके वाहतुकीच्या नियमांत येतच नाहीत. आणि चौथा विभाग, प्रथमोपचार: दुसऱ्यात एच ३०४ आहे आणि चौथ्यात ‘उलटी करवावी’ लिहिलंय, असं दिसलं तर तो माल आत घेण्याआधी सप्लायरला फोन करा.